कळांचं सलाईन

३ नोव्हेंबर

आज पुन्हा ‘आमी’ निघालं तोंडातून. तेही राउंडमध्ये! ‘मॅडम, आमी सकाळी तपासलं पेशंटला.’ पद्मजा मॅडम थांबल्या. मागची सगळी रांग थांबली. ‘आमी? आमी कोण? म्हण— आम्ही.’ मी म्हणाले. ‘परत.’ परत म्हणाले. कॉटवरच्या बायकांसमोर. पलीकडची एक बाळंतीण पदर तोंडाला लावून हसली. तिला तरी कुठं ‘आम्ही’ म्हणता येत असेल!

आता माझं नाव ‘चारठाण्याची देवी’. अण्णा गावी देवळात पूजा करतात, मी पुजाऱ्याची मुलगी, हे कुणीतरी मॅडमना सांगितलं असणार. कुणीतरी म्हणजे मीच. पहिल्या दिवशी, मोठ्या अभिमानानं.

सिद्धोधन म्हणाला, ‘चल, चहा घेऊ.’ तो आणि मी एकाच बॅचचे. दोघंही स्त्रीरोगाच्या डिप्लोम्याला इथं परभणीच्या सरकारी दवाखान्यात लागलो. तोही ‘आमी’ म्हणतो, ‘लय’ म्हणतो. मॅडम त्याला सुधारायला जात नाहीत. त्याच्याकडं बघतच नाहीत. ते जास्त वाईट की हे, कळत नाही.

६ नोव्हेंबर

खोली मिळाली एकदाची. नानलपेठेत, बांगड्यांच्या दुकानावर. खाली दिवसभर काचांची किणकिण. समोर ऑटोवाल्यांची दख्खनीत भांडणं. अजान, मारुतीची घंटा, स्टेशनवरून गाडीचा भोंगा— सगळं एकदम. गल्लीच्या तोंडाशी निजामाच्या वेळची कमान आहे. एक ऑटो जेमतेम निघेल अशी, पण दोन घुसतात, मग दोघं उतरून एकमेकांचं खानदान काढतात. मला आवडलं. चारठाण्यात संध्याकाळ झाली की नुसतं शांत.

अण्णा म्हणायचे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ मला बनवायचीच आहे.

१४ नोव्हेंबर

मॅडमनी आज एका बाईला मारलं. मांडीवर, सटकन. ती पाय आवळून घेत होती, बाळाचं डोकं आलेलं. ‘नवऱ्याजवळ गेलीस तेव्हा नाही ओरडलीस ती?’ असं म्हणाल्या. नर्स हसल्या, मावशी हसल्या. ती बाईसुद्धा हसल्यासारखं करत होती, रडता रडता. मॅडमना बरं वाटावं म्हणून!

मी जेवले नाही.

१५ नोव्हेंबर

जेवले.

२ डिसेंबर

हातातून ट्रे सुटला. सगळी हत्यारं फरशीवर. मॅडमनी मला लेबर रूमच्या कोपऱ्यात उभं केलं, भिंतीकडं तोंड करून. शाळेत पण कुणी केलं नव्हतं असं. मागं बायका कण्हत होत्या, बाळं येत होती आणि मी भिंतीवरचा चुन्याचा पोपडा बघत होते. सोडताना म्हणाल्या, ‘तुझ्यात वाईट काही नाही, उत्तरा. फक्त तू घाबरट आहेस. आपण पेशंटला घाबरवलं नाही तर पेशंट आपल्याला घाबरवतो. लक्षात ठेव.’

सगळ्यात वाईट हे की ते मला पटलं.

१९ डिसेंबर

पहिल्यांदा ओरडले! पाथरीकडची एक बाई, कॉटवरून उठून दाराकडं पळत होती, ‘मला घरी जायचंय, मला घरी जायचंय.’ मी तिचा दंड धरून खेचला. ‘घरी कुणी बोलावलंय तुला? नवरा? तो बाहेर पान खातोय!’ बाई गुपचूप झोपली. माझाच आवाज, पण मॅडमच्या घशातून आल्यासारखा.

मॅडम मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘आता कशी डॉक्टर वाटलीस.’

घरी जाताना जिलेबी घेतली. एकटीनं खाल्ली, सगळी.

८ जानेवारी

सिद्धोधन बायकांचे हात धरून बसतो. ‘मावशे, लय दुखायलंय का? थोडं राहिलं, थोडं.’ त्याच्या कॉटवरच्या बायका कमी ओरडतात, हे खरं. मॅडम त्याला ‘नर्सबाई’ म्हणतात. आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘नर्सबाई, पेशंटची वेणी पण घालून द्या.’ मी हसले. मोठ्यानं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत त्या बाईची नाडी मोजायला लागला.

२ फेब्रुवारी

उर्स भरलाय. सगळं शहर तिकडंच. ऑटोवाला विचारत होता, ‘क्या डाक्टरनी बाई, परभणीमें रैके उर्स नै देखे?’ आणि नवल— मॅडमच घेऊन गेल्या मला, त्यांच्या गाडीतून! गर्दीत आम्ही दोघींनी हलवा-पराठा खाल्ला. पाळण्यात बसल्या त्या, ओरडल्या, हसल्या. त्यांच्या केसांत पांढरे दिसतात आता.

म्हणाल्या, ‘माझ्या सिनियर मला चिमट्यानं बोटांवर मारायच्या. रक्त यायचं. म्हणून हात स्थिर झाले.’ बोटं दाखवली. अजून वण आहेत. मला त्यांची दया आली आणि त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटलं.

सिद्धोधनला कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याही लक्षात आलं नाही.

२७ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. नाहीतर उद्या मलाच वेगळं आठवायला लागेल.

काल सकाळी मनकर्णा आली. चारठाण्याची, आमच्याच गल्लीतली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसायचो. तिला ताडकळसला दिलं. पहिली मुलगी झाली, सीझरनं. ही दुसरी खेप, कळा सुरू झालेल्या. बरोबर सासू, धुरपताबाई. नवरा भुजंग बाहेर मोटारसायकलला टेकून.

मला बघून कॉटवरून ओरडली, ‘अगं उत्तरे! मी मनकर्णा! वळखलं न्हाई का?’

मॅडम शेजारीच होत्या. त्यांची भुवई वर गेलेली मला दिसली. मी म्हणाले, ‘मॅडम म्हणायचं. आणि इथं ओरडायचं नाही.’

ती आधी हसली. मी गंमत करतेय असं वाटलं असेल. मग हसू गेलं.

कळा मंद आहेत म्हणून मॅडमनी कळा वाढवायचं सलाईन सांगितलं. सिद्धोधन म्हणाला, ‘मॅडम, आधीचं सीझर आहे. जुनी शिवण ताण घेणार नाही.’ ‘आता तू शिकवणार मला?’ त्याला ओपीडीत हाकललं. मला म्हणाल्या, ‘उत्तरा, तू बघ हिला. मी येईपर्यंत सलाईन बंद करायचं नाही. आणि नाटकांना भुलायचं नाही.’

सलाईन मी लावलं. माझ्या हातानं.

दुपारी मनकर्णा ओरडायला लागली. ‘टाक्यापाशी फाटायलंय गं! ही कळ न्हाई. कळ मला म्हाईत हाय. ही येगळी हाय, उत्तरे! बग की जरा!’ सारखं उत्तरे, उत्तरे. नर्स हसत होत्या. ‘तुमची मैत्रीण का हो, मॅडम?’ तिच्या प्रत्येक हाकेला मी परत त्या गल्लीत जात होते, फाटक्या चपलेची, ‘आमी’ म्हणणारी. मी तिच्या थोबाडीत मारली. ‘गप! सगळ्याच असं म्हणतात!’

गालावर माझी बोटं उठली. ती माझ्याकडं बघत राहिली, तोंड उघडं.

थोड्या वेळानं ओरडणं थांबलं. एकदम. कळाही थांबल्या. मला वाटलं, सुधारली. मी टेबलापाशी जाऊन चहा घेतला. चहा घेतला मी!

सिद्धोधन कशाला तरी वर आला. तिच्या कॉटजवळून जाताना थबकला. ती पांढरी पडलेली, घामानं चिंब. मनगट धरलं, पोटावर मशीन लावलं. ‘उत्तरा, बाळाचे ठोके कुठायत?’ मग ओरडला. एवढा मोठ्यानं तो कधी बोलत नाही. त्यानंच सलाईन बंद केलं, त्यानंच स्ट्रेचर ओढलं.

मॅडमनी येऊन पोट उघडलं तर जुनी शिवण उसवलेली. बाळ पिशवीच्या बाहेर. मुलगा. गेलेला. रक्त थांबेना. पिशवी काढावी लागली. मॅडमचे हात जरासुद्धा थरथरले नाहीत. मनकर्णाचा जीव त्यांनीच वाचवला, हेही खरं आहे.

‘सासूला तू सांग,’ म्हणाल्या. ‘तुझ्या भाषेतली आहे.’

सांगितलं. धुरपताबाईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘पोरगं हुतं का?’

२८ फेब्रुवारी

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी तिघांना बोलावलं. मॅडम, सिद्धोधन, मी.

‘आधी सीझर झालेल्या बाईला सलाईन कुणी लावलं?’

‘सिद्धोधननं,’ मॅडम म्हणाल्या. श्वासही न घेता. ‘मी नको म्हटलं होतं, सर.’

सिद्धोधन म्हणाला, ‘सर, मी ओपीडीत होतो. मीच नको म्हणत होतो. उत्तराला विचारा.’

साहेब माझ्याकडं वळले. ‘मॅडम सांगतात तसं झालं?’

मी होय म्हणून मान हलवली. नुसती मान.

बस्स. ओपीडीतल्या कुणाला बोलावलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं नाही. ‘असल्यांना कोट्यातून सीट मिळते, हात मिळत नाही,’ असं कुणीतरी दाराबाहेर म्हणालं आणि सगळ्यांनी मान डोलावली. त्याचं नाव घेतलं, तेवढंच पुरलं. माझं किंवा मॅडमचं पुरलं नसतं.

जिन्यात मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘शिकलीस.’

२ मार्च

सिद्धोधनला काढलं. सामान न्यायला वॉर्डात आला होता. मी औषधाच्या कपाटाकडं तोंड करून उभी. माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता शिवी घालतो. म्हणाला, ‘मनकर्णाला अजून एक रक्ताची बाटली द्यायची राहिलीय. विसरू नको.’

गेला.

शिवी घातली असती तर!

४ मार्च

मनकर्णाला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. घट्ट बांधून टाकायला मॅडमनी मलाच सांगितलं. मी बांधत होते. ती वर पंख्याकडं बघत होती. कापड ओलं होत होतं. पलीकडच्या कॉटवरचं बाळ रडलं की अजून ओलं व्हायचं.



५ मार्च

आज मॅडमनी मला पहिलं सीझर करू दिलं. बक्षीस! बाळ बाहेर काढलं, रडलं, माझ्याच हातात. मला आनंद झाला. खूप आनंद झाला. तो कसा काय होऊ शकतो?

७ मार्च

धुरपताबाई डबा घेऊन येते आणि सुनेच्या उशाशी बसून ऐकवत राहते. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. ‘पोरगं बी गेलं, पिशवी बी गेली. आता तुला काय दिव्हाऱ्यात मांडून ठिवू?’ भुजंग ऑपरेशनच्या दिवसापासून वर आलेला नाही. खालच्या खाली जातो.

एक बाई मध्ये पडली, ‘अवो, जीव वाचला हे काय कमी हाय का?’

‘जीव काय करायचाय?’ म्हणाली धुरपताबाई. रागानं नाही. खरंच विचारत होती.

९ मार्च

आज मनकर्णाला सांगितलं. उद्या घरी सोडायचंय, म्हणून आजच. धुरपताबाई खाली औषधाला गेली होती. मी तिच्या कॉटच्या कडेला बसले. पहिल्यांदा बसले.

म्हणाले, ‘सलाईन मी लावलं होतं. तू सांगत होतीस ते सगळं खरं होतं. सिद्धोधनचा काही दोष नव्हता. मी साहेबांना जाऊन सांगणार आहे.’

‘मला कामून सांगायलीस? मी तिथंच हुते की.’

मग म्हणाली, ‘सांगू नको.’

‘अगं, पण—’

‘माफ केलं असं समजू नको. न्हाई केलं. करणार बी न्हाई. पर म्हातारी म्हणायलीय, भुजंगला दुसरी करू. म्या तिला सांगितलंय, उत्तरा व्यंकटराव गुरवाची लेक, माझ्या गावची. तिनं लय केलं, म्हणून जगले. दुसरा इलाजच नव्हता. म्हातारी तुझ्या अण्णाला मानती. तुला बी मानायलीय आता. तू उद्या म्हणलीस, माझ्याच हातानं वाटुळं झालं, मंग तुझ्या शब्दाला कोण इचारतंय? मला तुझा शब्द लागतोय. ताडकळसला ये. त्या दोघांच्या फुडं बोल.’

‘आणि सिद्धोधन?’

‘तो शिकलेला हाय. बाप्या हाय. त्याला दुसरा दवाखाना घावंल. मला दुसरं घर घावंल का?’



खरं लिहायचं तर— सुटल्यासारखं वाटलं मला. कालपर्यंत गप्प बसणं हे पाप होतं. आज उपकार झाला! केवढी सोय!

२३ मार्च

ताडकळसला जाऊन आले. आज तिथला बाजार. एसटीत उभीच गेले, टोपल्या, कोंबड्या, माणसं. भुजंगचं घर बाजाराच्या मागं. धुरपताबाईनं पाट मांडला, पुरणपोळी केली होती. माझ्यासाठी! शेजारणी दारात गोळा झाल्या— ‘हीच का ती डॉक्टरीण?’

मनकर्णा वाढत होती. पोटाचा टाका अजून ओला, वाकली की ओठ चावायची. तिची मुलगी माझ्या मांडीवर येऊन बसली.

भुजंग भिंतीला टेकून. मी ठरवलेलं सगळं बोलले. ‘यात हिचा काही दोष नाही. पिशवी काढली नसती तर ही वाचली नसती. तुमच्याकडं मुलगी आहे. हिला जपा.’

भुजंग म्हणाला, ‘अन् पोरगं? ते वाचत न्हवतं का?’

मनकर्णाचा हात ताटावर थांबला.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘ते येतानाच गेलेलं होतं.’

त्यानं मान खाली घातली. इतका वेळ तो मला दगड वाटत होता. आता त्याच्या डोळ्यांत पाणी. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी पाय मागं घेतले तरी वाकला. धुरपताबाईनं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ‘आमच्या घरची लेकच हाईस तू.’

निघताना मनकर्णा कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, ‘बरं बोलले ना?’

‘झाक बोललीस,’ म्हणाली. ‘पैल्यापासूनच तुला झाक बोलता येतंय.’

आणि वळून गेली.

२४ मार्च

अण्णांचा फोन. धुरपताबाईनं कुणाकडून तरी निरोप धाडला होता. ‘आज देवाला म्हणलं, बाप म्हणून अजून काय मागू? लय नाव काढलंस, बाई.’ रडत होते.

‘ठेवते अण्णा, पेशंट आहे,’ म्हणाले. पेशंट नव्हता.

३ एप्रिल

ऊन मरणाचं. नवीन बॅचची निकिता नावाची मुलगी आलीय. आज एका बाईला बघून लेबर रूममध्येच रडायला लागली. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. म्हणजे, तू बघ हिचं.

मी निकिताला बाहेर घेऊन गेले. पाणी दिलं. काहीतरी बरं बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘इथं रडणारे टिकत नाहीत.’ तिनं लगेच डोळे पुसले. शहाणी आहे. लवकर शिकेल.

११ एप्रिल

भुजंगनं दुसरी आणली. मनकर्णा मुलीला घेऊन चारठाण्याला गेली. सकाळी तिचा फोन आला. ‘आता सांग,’ म्हणाली आणि ठेवला.

सांगितलं. साहेबांना, मॅडमच्या तोंडावर. मग अण्णांना. तिथं जास्त वेळ लागला.

बॅग भरून झालीय. सिद्धोधन फोन उचलत नाही.